ड्रमस्टिक सतत तुटते म्हणून जाड स्टिक घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोनेक वर्षं ड्रम्स वाजवताय, बँडमध्ये रॉक वाजवता, हातात ५ए हिकरी (हिकरी लाकडाची मध्यम जाडीची स्टिक) असते आणि दर दोन-तीन तालमींना एक तरी स्टिक तुटते. मित्राने त्याहून जाड २बी घ्यायला सांगितली. ती टिकतेय, पण हाय-हॅटवरच्या (पायाने मिटणाऱ्या झांजांच्या जोडीवरच्या) सिक्स्टीन्थ नोट्स (एका मात्रेत चार ठोके) मागे पडतात आणि तालीम संपेपर्यंत उजवा हात भरून येतो. म्हणून तुम्हाला टिकणारी आणि तरीही हाताला हलकी अशी स्टिक हवी आहे.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. स्टिक तुटते का, हा एक. आणि स्टिकचं वजन हाताला काय करतं, हा दुसरा. निवड करताना जाडीचा एकच आकडा समोर असतो, त्यामुळे दोन्हींचं उत्तर आपण त्याच आकड्यात शोधतो. इतकी वर्षं वाजवून आणि शिकवून माझं मत असं झालंय की स्टिक तुटते ती मुख्यतः मारण्याच्या पद्धतीमुळे, सिम्बलच्या (झांजांच्या) मांडणीमुळे आणि लाकडाच्या रेषांमुळे. जाडीचा नंबर त्यानंतर लागतो. आणि वजनाच्या बाबतीत स्टिक एकूण किती ग्रॅमची आहे यापेक्षा ते ग्रॅम तिच्या कुठल्या भागात आहेत, याला जास्त किंमत आहे.

तुमचं वाजवणं मी पाहिलेलं नाही, हे आधीच सांगतो. हाताची ठेवण, ग्रिप, स्नेअर ड्रमच्या हेडचा (वरच्या पडद्याचा) ताण, सिम्बल जाड की पातळ, खोली केवढी, ड्रम्सना माईक आहेत की नाहीत, या सगळ्यावर उत्तर थोडंफार सरकतं. त्यामुळे अमुकच मॉडेल घ्या असं मी सांगणार नाही. निवड कशी करायची ते सांगतो.

आधी आकडे पाहू, कारण ५ए, ५बी, २बी या नावांवर लोक गरजेपेक्षा जास्त विसंबतात. विक फर्थची अमेरिकन क्लासिक ५ए जवळपास १४.४ मिलिमीटर जाड असते, ५बी १५.१, २बी १६ आणि ७ए १३.७. हे सगळ्या कंपन्यांना लागू होणारं प्रमाण नाही. प्रोमार्कची क्लासिक ५ए १४ मिलिमीटरची आहे, म्हणजे नाव तेच आणि माप वेगळं. लांबी साधारण ४०-४१ सेंटीमीटर, ७ए थोडी आखूड. ५एवरून २बीवर जाताना व्यास दीड-पावणेदोन मिलिमीटरनेच वाढतो, पण लाकूड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे वजन जवळपास चोवीस-पंचवीस टक्क्यांनी वर जातं. ५बीवर गेलात तर दहा-अकरा टक्क्यांनी. तुम्ही मधली पायरी सोडून थेट चौथाई वजन वाढवलंत. हात भरून येणारच.

पण नुसत्या वजनाने हे पूर्ण उलगडत नाही. आपण स्टिक उचलून खाली टाकत नाही, एका बिंदूभोवती फिरवतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीतला तो बिंदू बहुतेकांच्या हातात बट एंडपासून (स्टिकच्या मागच्या जाड टोकापासून) बारा-तेरा सेंटीमीटरवर असतो. फिरणाऱ्या वस्तूची दिशा बदलायला किती जोर लागतो, हे वस्तुमानाबरोबरच ते वस्तुमान फिरण्याच्या बिंदूपासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर ठरतं. चिमटीपासून सत्तावीस सेंटीमीटरवर, म्हणजे टिपेजवळ असलेला एक ग्रॅम, नऊ सेंटीमीटरवरच्या एका ग्रॅमच्या नऊपट जाणवतो. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून हलवा आणि मग लोखंडाजवळ धरून हलवा. वजन तेच असतं, मनगटाला मात्र दोन वेगळ्या वस्तू धरल्यासारखं वाटतं. स्टिकमध्ये हाच फरक टेपर आणि टिप घडवतात.

टेपर म्हणजे शोल्डरपासून (जाड दांडा संपून उतार सुरू होतो तिथपासून) टिपेकडे स्टिक बारीक होत जाते तो भाग. तो आखूड असेल तर पुढे लाकूड जास्त राहतं, स्टिक पुढून जड आणि ताठ होते. ठोका भरीव येतो, शोल्डर मजबूत राहतं, पण प्रत्येक ठोक्यानंतर ती परत वर आणताना जास्त काम पडतं. टेपर लांब असेल तर पुढचा भाग हलका आणि लवचिक होतो, रिबाउंड (ठोक्यानंतरची उसळी) चपळ मिळतो, दुहेरी ठोके सहज पडतात. मान मात्र बारीक असते आणि ती लवकर झिजते. म्हणून आखूड टेपरची ५ए आणि लांब टेपरची ५बी शेजारी ठेवली, तर वजनकाट्यावर जड ठरणारी ५बी वाजवताना जास्त चपळ वाटू शकते. विद्यार्थ्यांच्या हातात मी अशा दोन स्टिक्स देतो आणि जड कोणती विचारतो, तेव्हा चुकीचं उत्तर बऱ्याचदा येतं. त्यांच्या हाताला जे जाणवतं ते खोटं नसतं. ते फिरवायला लागणारा जोर सांगत असतात.

टिप लहानशी दिसते, पण सगळ्यात लांब तीच असते, त्यामुळे तिचा आकारही लक्षात घ्या. मोठी एकॉर्न किंवा बॅरल टिप पुढे वजन घालते. टेपर आणि टिप मिळून काय झालंय ते पाहायचा सोपा मार्ग म्हणजे स्टिक एका बोटावर आडवी तोलून बघायची. तोल कुठे लागतो तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि तुमच्याकडच्या ५ए आणि २बीच्या खुणा ताडून पाहा. २बीची खूण टिपेकडे सरकलेली दिसली, तर तुमच्या थकव्याचं अर्धं कारण तिथेच सापडलं. मग २बी थोडी पुढे, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर पुढे धरून वाजवून बघा. ताकद थोडी कमी होईल, पण वेग परत येतो का ते दहा मिनिटांत कळेल. उलटही करता येतं: बट एंडकडे ग्रिप टेप गुंडाळली की मागे काही ग्रॅम वाढतात, तोल मागे येतो, आणि एकूण वजन वाढूनही स्टिक हलकी भासते.

आवाजाबद्दल. जड स्टिक त्याच वेगाने आली तर ड्रमला जास्त ऊर्जा देते आणि हेडवर क्षणभर जास्त टेकते, त्यामुळे टॉम ड्रमचा खालचा सूर भरून येतो. हलकी स्टिक चटकन सुटते, आवाज उजळ आणि टोकदार येतो. राइडवर (ठेका धरायच्या मोठ्या सिम्बलवर) जड स्टिकने सिम्बलचा पसारा लवकर उघडतो आणि ठोके त्यात बुडायला लागतात. हलकी, छोट्या टिपेची स्टिक ठोका सुटा ठेवते. जॅझ वाजवणारे बरेच जण ७एच्या आसपास राहतात त्याला हेही एक कारण आहे. पण मोठ्या आवाजासाठी जड स्टिकच लागते ही समजूत मला पटत नाही. ऊर्जा वस्तुमानाच्या सरळ प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. चोवीस टक्के जड स्टिकने जे मिळतं, ते त्याच ५एचा वेग अकरा-बारा टक्क्यांनी वाढवून मिळतं. म्हणजे ठोका जरा उंचावरून आणि सैल मनगटाने टाकायचा. सैल हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

आता हलक्या स्टिकची दुसरी बाजू. हाताला हलकं म्हणून ७ए घेतली आणि बँड मोठ्याने वाजवतोय, तर वाजवणारा नकळत मूठ आवळतो. स्टिक हवा तेवढा आवाज देत नाही म्हणून तो तिला हेडमध्ये दाबायला लागतो. रिबाउंड मरतो, मनगट ताठ होतं आणि हलक्या स्टिकनेही हात तितकाच दुखतो. थकवा वजनाने येतो त्यापेक्षा जास्त पकडीने येतो, असं मी ठामपणे म्हणेन. योग्य वजन म्हणजे ज्या वजनाला तुमच्या नेहमीच्या आवाजाच्या पातळीवर मूठ आवळावी लागत नाही. ते कोणाच्या बाबतीत ७ए असेल, कोणाच्या बाबतीत २बी.

आता तुटण्याकडे येऊ. तुम्हाला पहिलं सांगणं: तुटलेल्या स्टिक्स टाकू नका. पाच-सहा जमल्या की एका ओळीत मांडून बघा. कुठे आणि कशी तुटली यावरून बरंच वाचता येतं.

शोल्डर कुरतडल्यासारखं झालंय, धागे निघालेत आणि शेवटी तिथेच तुटली, तर तो हाय-हॅटच्या आणि क्रॅशच्या (जोर देण्यासाठी मारायच्या सिम्बलच्या) कडेचा परिणाम आहे. रॉक वाजवताना शोल्डरने हाय-हॅट मारणं हा वाजवण्याचाच भाग आहे, त्यामुळे ही झीज थोडीफार व्हायचीच. पण ती दोन-तीन तालमींत पूर्ण होत असेल तर सिम्बलची मांडणी तपासा. क्रॅश उंच आणि अगदी आडवा लावला असेल, तर स्टिक कडेवर काटकोनात येते आणि कड तिच्यात करवतीसारखी शिरते. तो तुमच्याकडे थोडा झुकवा, म्हणजे ठोका चाटून जाईल. वरचा नट घट्ट आवळलेला असेल तर सैल करा. सिम्बलला डोलायला जागा मिळाली नाही की ती सगळी ऊर्जा स्टिकमध्ये आणि सिम्बलच्याच धातूत जिरते; अशाने स्टिक जाते आणि सिम्बललाही चिरा पडतात. क्रॅश मारताना हात कडेच्या आरपार खाली दाबू नका. कडेला स्पर्श होताच बाजूला निघून जाऊ द्या. ही एक सवय बदलून स्टिकचं आयुष्य दुप्पट झालेलं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

मधोमध किंवा थोडं पुढे खोल खाचा पडल्यात, तर ते रिमशॉटचं (हेड आणि ड्रमची कड एकदम मारण्याचं) काम. बॅकबीटला (दुसऱ्या-चौथ्या मात्रेला) प्रत्येक वेळी रिमशॉट मारत असाल तर हे अटळ आहे. मात्र दर काही मिनिटांनी स्टिक बोटांत थोडी फिरवत गेलात तर खाच एकाच जागी खोल होत नाही. डाव्या-उजव्या हातातल्या स्टिक्सची अदलाबदल करूनही झीज वाटली जाते, कारण एका हाताची स्टिक रिमवर झिजते आणि दुसऱ्याची हाय-हॅटवर.

झीज फारशी नाही, पण स्टिक एकदम तिरकी मोडली आणि मोडलेली जागा लांब, टोकदार, स्वच्छ आहे? मग बहुधा दोष लाकडाच्या रेषांचा. स्टिकच्या अंगावरच्या रेषा बटपासून टिपेपर्यंत सरळ धावायला हव्यात. त्या मध्येच तिरक्या होऊन कडेतून बाहेर पडत असतील, तर तिथे धागे सलग नाहीत आणि लाकूड त्याच उतारावर सुटतं. अशी स्टिक २बी असली तरी मोडते. आणि टिप उडाली, टवका निघाला, तर त्या स्टिकने वाजवणं लगेच थांबवा. तुटक्या टिपेने हेडवर खड्डे पडतात.

जाडीची गंमत आता लक्षात येईल. गोल दांड्याची वाकताना मोडण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५एच्या तुलनेत २बीचा दांडा जवळपास अडतीस-चाळीस टक्के मजबूत असतो. हे खरंच मोठं अंतर आहे. पण कंपनी सांगते तो व्यास दांड्याचा, आणि रॉक वाजवताना स्टिक बहुधा तुटते शोल्डरला. तिथे किती लाकूड उरलंय ते टेपर ठरवतो. लांब टेपरची २बी घेऊन शोल्डर पुन्हा बारीकच मिळालं, तर वाढलेलं वजन हाताने वाहायचं आणि टिकाऊपणात मिळवायचं थोडंच.

लाकडाबद्दल. सगळ्यात जास्त चालतं ते हिकरी. कठीण, चिवट आणि धक्का शोषणारं. कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे त्याचे करतात ते याचसाठी. मेपल त्याच मापात दहा-पंधरा टक्के हलकं असतं. जाड स्टिक धरायला आवडते पण वजन नको, त्यांनी मेपलची ५बी हातात घेऊन बघावी. मात्र रिमशॉट आणि क्रॅशच्या माऱ्यापुढे ती हिकरीइतकी टिकत नाही, म्हणून तुमच्या कामाला मी ती सुचवणार नाही. जपानी ओक हिकरीपेक्षा घट्ट आणि जड असतं, झीज हळू होते. माझ्या अनुभवात ओक सूचना न देता मोडतं, हिकरी मोडण्याआधी धागे सोडून सांगते. ओकमधून हाताला कंपही जास्त जाणवतो. काहींना तो आवडतो, कारण ठोका स्पष्ट कळतो. ज्यांचं मनगट आधीच कुरकुरतंय त्यांनी जपून.

नायलॉन टिप १९५८ साली जो कॅलाटो यांनी आणली, ती लाकडी टिपा झिजतात या तक्रारीवरच. टिप टिकते आणि राइडवर आवाज लखलखीत येतो, पण शोल्डर आणि दांडा लाकडाचेच राहतात, तेव्हा तुमचा प्रश्न तिने सुटत नाही. इलेक्ट्रॉनिक किटच्या जाळीच्या हेडवर सराव करत असाल तर मात्र ती जरूर वापरा, लाकडी टिपेचा निघालेला टवका जाळी फाडतो. ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचं आवरण असलेल्या स्टिक्स आणि कार्बन फायबरच्या स्टिक्स हाही एक मार्ग आहे. जोरदार वाजवणाऱ्या काहींना त्या छान जमल्यात. पण विचार करा: जी ऊर्जा आजवर लाकूड तोडत होती, ती आता कुठे जाईल? मारण्याची पद्धत तीच राहिली तर ती सिम्बलमध्ये, हेडमध्ये आणि मनगटात जाईल. या तिन्हींपेक्षा लाकूड तुटलेलं मला चालतं. स्टिक झिजण्यासाठीच असते. ती फार लवकर झिजू नये, एवढीच आपली मागणी हवी.

झिजण्याबद्दल अजून एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. शोल्डर कुरतडलं गेलं की लाकूड कमी होतं ते पुढच्या भागातून, म्हणजे जिथला ग्रॅम सगळ्यात जास्त जाणवतो तिथून. त्यामुळे जुनी स्टिक पुढून हलकी झालेली असते आणि हाताला तिची सवय होते. ती तुटली आणि कार्यक्रमात मध्येच नवी कोरी हातात आली, की डबल स्ट्रोक क्षणभर अडखळतात. यासाठी नवी जोडी आधी एका तालमीत वापरून घ्या आणि जोडीतल्या दोन्ही स्टिक्स एकत्रच बदला.

निवडताना हे करून बघा. स्टिक सपाट टेबलावर लोळवा. डुगडुगली तर वाकडी आहे, ठेवून द्या. रेषा पाहा. मग दोन्ही स्टिक्स सैल धरून एकाच कठीण पृष्ठभागावर टिपेने टकटक करा आणि सूर ऐका. सूर जुळत नसेल तर लाकडाची घनता किंवा ताठपणा वेगळा आहे, आणि दोन्ही हातांना रिबाउंड वेगळा मिळणार. बोस्टन सिंफनीचे टिंपनीवादक एव्हरेट ‘विक’ फर्थ यांनी १९६३ मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि स्टिक्सच्या जोड्या सुरावरून जुळवणं हे त्यांच्या कामाचं वैशिष्ट्य झालं. असं जुळवूनही मॉडेल तेच असताना दोन वेगवेगळ्या जोड्यांत काही ग्रॅमचा फरक निघतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर वापरा, जोड्यांवर आकडा लिहून ठेवा. लाकूड दमटपणा घेतं आणि सोडतं, तेव्हा स्टिक्स उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नका. फार कोरडी झालेली स्टिक ठिसूळ होते.

जड स्टिकने सराव करून हात तयार होतो का, असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. वॉर्मअपला पॅडवर पाच-दहा मिनिटं, संथ लयीत, जरूर. तुमची २बी त्यासाठी ठेवा. पण नवा रुडिमेंट (ठोक्यांचा मूलभूत क्रम) किंवा वेग जड स्टिकवर शिकू नका. प्रत्येक वजनाचा रिबाउंड वेगळा असतो, आणि बोटं जे शिकतात ते त्या रिबाउंडची वेळ शिकतात. धातूच्या भरीव स्टिक्सने वेग वाढवायचा प्रयत्न मी माझ्या विद्यार्थ्यांना करू देत नाही. कंडरांवर येणारा ताण त्या क्षणी कळत नाही, काही आठवड्यांनी कळतो.

तुमच्या जागी मी असतो तर आधी स्टिक न बदलता महिनाभर फक्त क्रॅशचा कोन, नट आणि चाटून जाणारा ठोका यावर काम केलं असतं, आणि ५एच वापरली असती. प्रत्येक तुटलेल्या स्टिकवर तारीख आणि तुटल्याची जागा लिहून ठेवली असती. त्यानंतरही शोल्डर लवकर जात असेल तर आखूड टेपरची हिकरी ५ए. तीही कमी पडली तर मध्यम टेपरची हिकरी ५बी, लहान टिपेची, आणि गरज लागल्यास मागे थोडी ग्रिप टेप. २बीपर्यंत जायची वेळ तुमच्यावर येईल असं मला वाटत नाही.

हात भरून येणं विश्रांतीने त्याच दिवशी ओसरत असेल तर ते स्नायूंचं थकणं आहे. दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, बोटांना मुंग्या येत असतील किंवा मनगटात एकाच ठिकाणी कळ उठत असेल, तर स्टिकचा विचार बाजूला ठेवून काही दिवस वाजवणं थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि महिन्याभराने त्या तुटलेल्या स्टिक्सचा एक फोटो पाठवा, रेषा दिसतील असा जवळून. शोल्डर पाहून मला बरंच नेमकं सांगता येईल.